रंगपूर लिंबावर संत्र्याचा डोळा बांधताना

रंगपूरला लिंबू म्हणतात खरं, पण पिकलं की ते छोट्या संत्र्यासारखं नारिंगी दिसतं आणि सालही तशीच सैल सुटते. फोड तोंडात टाकली की मात्र डोळे मिटतात. त्याची आई आंबट मंडारिन संत्रा आणि बाप महाळुंग. आपल्या कागदी लिंबाचा बापही महाळुंगच, आई मात्र वेगळी, म्हणजे ही दोघं सावत्र भावंडं. नर्सरीत मिळणारी जंबेरी (जाड, खडबडीत सालीचं लिंबू) ही रंगपूरची सख्खी, आईबाप तेच. शास्त्रीय नाव सिट्रस × लिमोनिया. मधली फुली संकराची. कुळ रुटेसी, म्हणजे बेल आणि कढीपत्ता हे लांबचे नातलग. लिंबूवर्गातल्या जाती मोजताना स्विंगल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १६ धरल्या आणि तानाका या दुसऱ्याने १६२, म्हणून दोन पुस्तकांत दोन नावं दिसली तर घाबरू नका.

विदर्भात संत्र्याला खुंट म्हणून, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ते मुळांचं रोप म्हणून, जंबेरी आणि रंगपूर दोन्ही चालतात. मी रंगपूर घेतो, कारण ते पाण्याचा ताण सोसतं आणि ट्रिस्टेझा विषाणूलाही दाद देत नाही. ते सगळ्यालाच पुरून उरतं असं नाही. एक्झोकॉर्टिस हा रोग असलेल्या झाडाचा डोळा, म्हणजे कलमासाठी काढलेली सालीसकट कळी, घेतलात तर खुंटाची साल सोलवटते. म्हणून डोळे निरोगी, ओळखीच्या, भरपूर फळं देणाऱ्या झाडाचेच घ्या.

बी ताजं पेरा, वाळवून ठेवलेलं बी उगवत नाही. एका बीतून दोन-तीन रोपं येतात आणि त्यातली बहुतेक आईसारखीच असतात. फार उंच, फार खुजी आणि वेगळ्या पानाची रोपं उपटून टाका. बुंधा पेन्सिलीइतका झाला की खुंट तयार.

आता डोळा. माझ्या पहिल्या हिवाळ्यात ४० खुंटांवर डोळे बांधले, लागले फक्त ६. दोष हवामानाला दिला. चुका माझ्याच होत्या, तीनही.

पहिली चूक काडीची. मी कोवळी, तीन धारांची हिरवी काडी घेतली होती. तिचा डोळा कापताना चिरडतो. काडी गोल झालेली हवी, हिरव्यावर पांढरट रेघा उमटलेली. पानं कापा पण देठ राहू द्या, डोळा धरायला तेवढीच मूठ असते. काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. मी त्या बांधावर उन्हात ठेवून चहा प्यायला गेलो होतो.

दुसरी चूक सालीची. खुंटाची साल सुटत नसेल तर बांधू नका, बस्स. चार-पाच दिवस आधी पाणी द्या, मग चाकूच्या टोकाने साल उचलून बघा. ओली, चकचकीत सुटली तर पुढे जा. खरवडावी लागली तर चाकू मिटा आणि आणखी आठवडा थांबा. जबरदस्तीने उचललेल्या सालीखाली डोळा काळा पडतो.

तिसरी चूक हाताची. चिरलेल्या भागाला बोट लावायचं नाही. चाकू डोळ्याच्या साधारण दीड सेंटिमीटर खालून घालून एका सरळ ओढीत वर काढा; करवतीसारखा पुढे-मागे केलात तर पृष्ठभाग खडबडीत होतो आणि खुंटाला चिकटत नाही. आत लाकडाची पातळ पापुद्री आली तर राहू द्या, ती काढायच्या नादात डोळ्याचा गाभाच उपटला जातो. खुंटावर जमिनीपासून २२ ते २५ सेंटिमीटरवर उलट्या टीसारखी चीर द्या, म्हणजे वरून पाणी आत उतरत नाही. डोळा खालून वर सरकवा, त्याचं टोक आभाळाकडे. उलटा बसवलेला डोळाही मी पाहिला आहे, तोही माझाच.

जखमेला मध, हळद, कोरफड लावायला सांगणारे बरेच भेटतील. काहीही लावू नका. कोरडी, स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी डोळ्यासकट घट्ट गुंडाळा, खालून वर. दर नव्या झाडाची काडी कापण्याआधी चाकू ब्लीचच्या पाण्यात बुडवा.

तीन आठवड्यांनी पट्टी सोडा. देठ बोट लावताच गळला आणि डोळा हिरवा असला तर लागला. देठ वाळून चिकटून बसला असेल तर गेला. दुसऱ्या बाजूला पुन्हा बांधा. लागलेल्या डोळ्याच्या वरचा खुंट वाकवा, डोळ्याचा फुटवा वीतभर झाला की तो वरचा खुंट छाटून टाका.

शेतात लावताना जोड, म्हणजे डोळा बांधलेली जागा, मातीत पुरू नका. विकत आणलेली पाच कलमं एका वर्षी मी चांगली खोल लावली, वाऱ्याने हलू नयेत म्हणून. दोन पावसाळ्यांत डिंक्याने, म्हणजे बुंध्यातून डिंक गळणाऱ्या रोगाने, तीन नेली.

जोडाखालून येणारी फूट दिसेल तेव्हा मोडा. मी एक फूट कौतुकाने ठेवली होती, केवढी जोमदार म्हणून. चौथ्या वर्षी अर्ध्या झाडाला संत्री आणि अर्ध्याला रंगपूर. ती फांदी आईने कापू दिली नाही. एका फळात दोन ग्लास सरबत होतं, आणि सालीसकट फोडींचं लोणचं ती अजून त्याचंच घालते.