फ्रीलान्सर ठेवताय? मग या चुका टाळा

पुणे-नाशिकच्या दहा-वीस माणसांच्या कंपन्यांमध्ये हल्ली एक गंमत बघायला मिळते. माणूस सकाळी साडेनवाला पंचिंग करतो, सुट्टी हवी तर मॅनेजरला मेसेज टाकतो, लॅपटॉप कंपनीचा, महिन्याला ठरलेली रक्कम, आणि कागदावर मात्र "कन्सल्टंट". का, तर पीएफ नको, ग्रॅच्युइटी नको, उद्या काढायचं झालं तर कटकट नको. बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात म्हणून आधी याचंच बोलू.

ॲग्रीमेंटवर कन्सल्टंट लिहिलं म्हणजे झालं असं वाटत असेल तर तसं नाहीये. सुप्रीम कोर्टाने १९५६ मध्ये धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या केसमध्ये मिठागरातल्या अगरियांना (मीठ पिकवणाऱ्यांना) कामगार ठरवलं, आणि ते तर मालाच्या हिशोबाने पैसे घ्यायचे, मदतीला स्वतःची माणसं लावायचे, तरीसुद्धा. मग १९७३ ची सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसची केस बघा. शिंपी नगावर पैसे घेणारे, यायची-जायची वेळ नाही, कधीकधी कापड घरी नेऊन शिवायचे, पण मशीन दुकानाची आणि काम पसंत नाही पडलं तर उसवून परत शिवायला लावायचा हक्क मालकाचा, म्हणून कोर्ट म्हणालं हे नोकरच. आता तुमचा पंचिंग करणारा "कन्सल्टंट" यांच्यापेक्षा किती मोकळा आहे ते तुम्हीच सांगा.

आणि पीएफ २० किंवा जास्त माणसं असली की लागू होतो, तेव्हा "आमच्याकडे सतराच आहेत" म्हणणाऱ्यांनी ते चार कन्सल्टंट पण एकदा मोजून बघावेत.

खरंच फ्रीलान्सर हवाय ना, मग काम ठरवा, तारीख ठरवा, पैसे कामाच्या टप्प्यावर द्या, तो कुठे बसून करतो, किती वाजता करतो, अजून कोणाचं काम घेतो यात पडू नका. आणि साडेनऊला समोरच हवा असेल तर सरळ फिक्स्ड टर्मवर (ठरावीक मुदतीसाठी) नोकरीला घ्या, त्यात लाज कसली. आधीच दोन-तीन वर्षं असा गोंधळ चालू असेल तर मागच्या तारखेचे कागद अजिबात बनवू नका (हा सल्ला देणारे भेटतात, भरपूर भेटतात), पुढच्या महिन्यापासून पेरोलवर घ्या आणि मागच्या पीएफचं काय करायचं ते लेबर कन्सल्टंटसोबत बसून ठरवा.

दुसरी चूक महागात पडते आणि कळते फार उशिरा. पैसे दिले म्हणजे काम आपलं झालं, हा समज. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये कर्मचाऱ्याने नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक कंपनी असते, पण फ्रीलान्सरने लिहिलेला कोड, मजकूर, काढलेला लोगो याचा पहिला मालक साधारणपणे तो स्वतः. फोटो, पेंटिंग, फिल्म पैसे देऊन करून घेतली असेल तर वेगळा नियम आहे, तिथे पैसे देणारा मालक होतो, पण वेबसाइटचा कोड त्यात बसत नाही. हक्क तुमच्याकडे यायला लेखी आणि सही केलेलं असाइनमेंट (हक्क तुमच्या नावे करून देणारा कागद) लागतं. आणि त्यातही मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षंच धरतात, कुठल्या देशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत, आणि मिळालेला हक्क वर्षभर वापरलाच नाही तर तोही जातो, हे सगळं कायद्यातच आहे. नेटवरून उचललेल्या एक पानी ॲग्रीमेंटमध्ये यातलं काही नसतं. म्हणून कायमस्वरूपी, जगभरासाठी आणि न वापरल्याने हक्क जाणार नाही, हे तिन्ही स्पष्ट लिहून घ्या. काम आधीच झालं असेल तर आत्ता असाइनमेंटवर सही घ्या, आणि शक्यतो एखादं पेमेंट बाकी असतानाच घ्या, नंतर फोन उचलले जात नाहीत.

स्टॅम्प पेपरचं पण बघा, महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा गेला, आता पाचशेचा लागतो. "पुढची दोन वर्षं आमच्या स्पर्धकाचं काम करणार नाही" असलं कलम घालायची हौस असते लोकांना, पण काम संपल्यावर ते १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे टिकत नाही. त्यापेक्षा गोपनीयतेचं कलम नीट लिहा.

आता पैसे. टीडीएसमध्ये (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा टॅक्स) सरसकट १% कापून मोकळं व्हायची सवय आहे. तो दर ठेकेदारीच्या कामांचा, तोही समोर एकटा माणूस किंवा एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) असेल तर. आर्किटेक्ट, वकील, इंटिरियर डिझायनर अशा प्रोफेशनल फीला १०%, तांत्रिक सेवेला २%, आणि एप्रिल २०२५ पासून या दोन्हीची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे. काम कशात बसतं ते सीएला आधीच विचारा, मार्च एंडला नाही. पॅन दिला नाही तर २०%. कापायचाच राहिला तर महिन्याला १% व्याज आणि वर टॅक्सच्या हिशोबात त्या खर्चातला ३०% अमान्य, पण समोरच्याने ते उत्पन्न दाखवून स्वतः टॅक्स भरला असेल तर सीएचं सर्टिफिकेट घेऊन बरंच वाचवता येतं. प्रोफेशन टॅक्सचे दोनशे मात्र त्याच्या बिलातून कापू नका, तो त्याचा त्याने भरायचा असतो, वर्षाला २,५००.

"क्लायंटने दिले की देतो" हे तर बंदच करा. फ्रीलान्सरचं उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करारच नसेल तर १५, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. शिवाय ३१ मार्चला ही मुदत उलटून बिल थकलेलं असेल तर तो खर्च टॅक्सच्या हिशोबात त्या वर्षात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. म्हणून पहिल्याच दिवशी पॅनसोबत उद्यमचं सर्टिफिकेट पण मागून घ्या.

अजून एक, ऑफिसात येणारी फ्रीलान्सर मुलगी लैंगिक छळाची तक्रार घेऊन आली तर "त्या आमच्या कर्मचारी नाहीत" म्हणून हात झटकता येत नाहीत. २०१३ च्या कायद्यात कंत्राटी, तात्पुरत्या सगळ्याच येतात. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच, आणि तिची माहिती या लोकांनाही द्यायची.

आणि डोमेन, होस्टिंग, ॲप स्टोअरचं अकाउंट हे फ्रीलान्सरच्या पर्सनल ईमेलवर काढू देऊ नका, घाईत हेच होतं. आधीच तसं असेल तर शेवटचं बिल पास करायच्या आधी सगळं कंपनीच्या ईमेलवर ट्रान्सफर करून घ्या, लॉगिन करून बघा, ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो ते तपासा, मगच त्याचा ॲक्सेस काढा, आणि त्याचे पैसे त्याच दिवशी देऊन टाका.