मेमरी व्ह्यू लिहिताना माझे तीन आठवडे कुठे गेले

जळगावच्या एमआयडीसीत ठिबकच्या व्हॉल्व्हचे कंट्रोलर बनवणाऱ्या एका छोट्या टीममध्ये मी काम करते. बोर्डवर एसटीएम३२एफ१०३ ही मायक्रोकंट्रोलर चिप, वावरातल्या सेन्सरशी बोलायला आरएस-४८५ ही तारांवरची सिरियल जोडणी. टेस्टिंगच्या मुलांचे हात जीडीबी या डिबगरच्या (चालता प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन) कमांड लाइनवर बसेनात, म्हणून त्यांच्यासाठी क्यूटी या खिडक्या बनवायच्या लायब्ररीत ग्राफिकल डिबगर लिहायचं काम माझ्याकडे आलं. खाली चिपशी बोलणारं ओपनओसीडी, वर जीडीबी, त्याच्यावर माझ्या खिडक्या. रजिस्टर (चिपमधल्या छोट्या साठवणीच्या जागा) आणि कॉल स्टॅक (कुठलं फंक्शन कुणी बोलावलं ती यादी) दाखवणाऱ्या खिडक्या आठवड्यात झाल्या. मेमरी आणि डिसअसेंब्ली (मशीन कोड वाचता येईल अशा सूचनांत) दाखवणाऱ्या खिडक्यांनी मात्र अख्खा उन्हाळा खाल्ला. ईएलएफ (कंपाइल झालेल्या प्रोग्रामची फाइल), एसडब्ल्यूडी (डिबगर चिपला जोडायची दोन तारांची सोय) वगैरेच्या खोलात मी जात नाही.

सुरुवातच मी चुकीची केली. फाइलमधले बाइट हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या अंकांत) बघायचं तयार हेक्स एडिटर विजेट उचललं आणि फाइलच्या जागी टार्गेटची, म्हणजे बोर्डवरच्या चिपची, मेमरी जोडली. दोन दिवसांत सगळं झकास दिसायला लागलं. हा शॉर्टकट घेऊ नका. फाइल शंभर वेळा वाचा, ती तशीच राहते. चिपमधला प्रत्येक पत्ता तसा नसतो.

एका टेस्टरने सांगितलं, यूआर्टच्या (सिरियल बाइट घेणारा-पाठवणारा चिपचा भाग) इंटरप्ट हँडलरमध्ये (बाइट आला की आपोआप चालणारा कोड) ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची खूण) लावला की बाइट येतच नाही. मी सेन्सर बाजूला काढला आणि लॅपटॉपवरून हेक्स ४१ हा एकच बाइट पाठवला. हँडलरच्या पहिल्या ओळीवर कोर, म्हणजे चिपचा प्रोग्राम चालवणारा भाग, थांबला. माझ्या मेमरी खिडकीत ४१ स्पष्ट दिसत होता. एक स्टेप पुढे गेले, तर बाइट आलाय का हे तपासणारी अट खोटी! बाइट डोळ्यांसमोर, आणि कोड म्हणतो आलाच नाही. ब्रेकपॉइंट काढला की सगळं सुरळीत.

आरएस-४८५ची चिप बदलली. बॉड रेट (सिरियल जोडणीचा वेग) पुन्हा मोजला. मे महिना होता, पारा ४५च्या आसपास, म्हणून बोर्ड तापतोय असं समजून चार रात्री उशिरापर्यंत बसले. तीन आठवड्यांनी तोच टेस्टर म्हणाला, "ताई, तुमची ती मेमरीवाली खिडकी बंद केली का बरोबर चालून राहिलं."

झालं होतं ते असं. ती खिडकी यूएसार्ट १ च्या (त्याच यूआर्टचं या चिपमधलं नाव) पत्त्यावर, म्हणजे हेक्स ४००१३८०० वर उघडी होती. तिथे स्टेटस रजिस्टर, आणि चार बाइट पुढे, ४००१३८०४ वर डेटा रजिस्टर. कोर थांबला रे थांबला की माझी खिडकी स्वतःला रिफ्रेश करायची, म्हणजे ते डेटा रजिस्टर वाचायची. आणि ते वाचलं की बाइट आल्याचा फ्लॅग (खुणेचा बिट) हार्डवेअर स्वतःच उतरवतं. वाचणारा प्रोग्राम आहे की डिबगर, हे त्याला कळत नाही. खिडकीत स्टेटस रजिस्टरही डेटा रजिस्टर वाचण्याआधीचं दिसायचं, फ्लॅग वर असलेलं. त्यामुळे पडद्यावर सगळं खरंच वाटायचं. रांजणात पाणी किती आहे ते ओंजळ भरून बघितलं, तर तेवढं पाणी कमी झालेलं असतं. इथे तेच होतं.

चिपच्या रेफरन्स मॅन्युअलमध्ये हे एका ओळीत लिहिलेलं आहे. जीडीबीच्या दस्तऐवजातही, मेमरी वाचायची मागणी करणाऱ्या 'एम' पॅकेटखाली सांगितलं आहे की समोरचा स्टब (जीडीबीला उत्तर देणारा प्रोग्राम, इथे ओपनओसीडी) बाइट-बाइट वाचेल की शब्द-शब्द याची हमी नाही, म्हणून पेरिफेरलसाठी (यूआर्टसारखे चिपमधले जोडभाग) हे पॅकेट योग्य असेलच असं नाही. मी दोन्ही वाचलं नव्हतं, व्हिडिओ बघत बसले होते. आमचे सीनियर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "त्या क्षणी बसवर (चिपमधल्या डेटाच्या वाटेवर) कोण कोण वाचतंय, ते आधी लिहून काढ." तेव्हा राग आला होता, सरळ उत्तर का देत नाहीत म्हणून. आज सांगते, आयतं उत्तर देणाऱ्यापेक्षा असा प्रश्न विचारणारा माणूस धरून ठेवा.

आता माझी खिडकी फ्लॅश (०८०००००० पासून) आणि रॅम (२००००००० पासून) आपोआप वाचते, तेही पडद्यावर दिसतं तेवढंच. पेरिफेरलच्या पत्त्यांचा पट्टा कोणी स्वतः क्लिक केल्याशिवाय वाचतच नाही. एसव्हीडी फाइलमध्ये (चिपमधल्या रजिस्टरांचं वर्णन असलेली फाइल) 'वाचल्यावर बदलतं' अशी खूण रजिस्टरला देता येते, पण ती ऐच्छिक आहे. खूण नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. आणि जे वाचता आलं नाही तिथे शून्य दाखवू नका. शून्य हीसुद्धा एक किंमत आहे, आणि लोक तिच्यावर विश्वास ठेवतात.

मेमरी खिडकीच्या स्क्रोलबारचं थोडक्यात: पत्त्यांचा एकूण पट्टा ४ जीबी, ओळीला १६ बाइट, म्हणजे २६,८४,३५,४५६ ओळी. पिक्सेलमध्ये मोजाल तर इंटिजर ओव्हरफ्लो होईल. ओळींत मोजा.

डिसअसेंब्लीची भीती वाटत असेल तर ती सोडा. मलाही असेंब्ली पाठ नाही. अडचण वर स्क्रोल करताना येते. थंब-२ मध्ये (या चिपचा सूचनासंच) सूचना दोन बाइटची असते किंवा चारची, त्यामुळे मधूनच मागे गेलात तर चार बाइटच्या सूचनेचा उत्तरार्ध नवी सूचना म्हणून छापला जातो. ईएलएफमधून त्या फंक्शनची सुरुवात शोधा आणि तिथून पुढे उलगडत या. फंक्शन पॉइंटरचा पत्ता विषम दिसला तर घाबरू नका, शेवटचा बिट थंबची खूण आहे. तो काढून पत्ता वापरा. फंक्शनच्या शेवटी विचित्र सूचना दिसल्या तर बहुतेक ते स्थिरांक असतात. ईएलएफमधली 'डॉलर टी' आणि 'डॉलर डी' ही चिन्हं कोड कुठला नि डेटा कुठला ते सांगतात.

न वाचलेल्या चौकटींत मी दोन आडव्या रेघा दाखवते. पहिल्याच दिवशी तक्रार आली, "ताई, डेटा येत नाही." आता त्यावर माउस नेला की ओळ दिसते: 'वाचल्यास फ्लॅग उतरू शकतो. वाचायचं?'