पहिल्या वर्षाच्या मुलांना ग्रंथालय शिकवताना या चुका टाळा

कॉलेज सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात मुलांना रांगेने ग्रंथालय दाखवून आणायचं, ही मला सगळ्यांत मोठी चूक वाटते. तेव्हा त्यांच्याकडे ना विषय असतो, ना प्रश्न. कुठे काय ठेवलंय ते ऐकतात आणि बाहेर पडेपर्यंत विसरतात. तोच तास पहिला प्रकल्प हातात पडल्यावर घ्या. शोधायला काही असलं की मुलं आपणहून विचारतात.

दुसरी चूक म्हणजे कॅटलॉग, डेटाबेस, संदर्भ देण्याची पद्धत, सगळं एकाच तासात उरकणं. पहिला तास फक्त शब्दांना द्या. मुलं अडतात ती तिथेच.

‘सोशल मीडियाचा तरुणांच्या झोपेवर होणारा परिणाम’ असं अख्खं वाक्य कॅटलॉगमध्ये टाकलं जातं. निकाल शून्य. मग ‘लायब्ररीत यावर काहीच नाही’ म्हणत मुलं परततात. कॅटलॉग सहसा पुस्तकाच्या आतली पानं चाळत नाही, तो शीर्षक, लेखक, विषय अशा नोंदींत शोधतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ते वाक्य फळ्यावर लिहा आणि मुलांकडूनच मोडून घ्या. ‘होणारा’, ‘परिणाम’ खोडा. उरले तीन शब्द: सोशल मीडिया, तरुण, झोप. आता प्रत्येकाखाली पर्याय लिहायचे. तरुणखाली किशोरवयीन, विद्यार्थी. झोपेखाली निद्रा, निद्रानाश. एका उभ्या रांगेतले शब्द ‘ऑर’ने (OR, म्हणजे ‘किंवा’) जोडून कंसात टाकायचे आणि रांगा एकमेकींना ‘अँड’ने (AND, म्हणजे ‘आणि’) जोडायच्या.

इथे एक गोंधळ हमखास होतो. बोलताना ‘आणि’ म्हटलं की भर पडते, म्हणून ‘अँड’ने निकाल वाढतील असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात ‘अँड’ ही गाळणी आहे, निकाल वाढवतो तो ‘ऑर’. नुसतं सांगून हे डोक्यात बसत नाही. दोन्ही करून आकडे बघू द्या.

निकाल फारच कमी आले तर एक रांग काढून टाका. कामाचं एक जरी पुस्तक सापडलं, तरी त्याची पूर्ण नोंद उघडून तिथल्या विषयशीर्षकावर क्लिक करायला सांगा. त्याच विषयाची इतर पुस्तकं समोर येतात, मग त्यांच्या शीर्षकात आपला शब्द नसला तरी चालतो. ही युक्ती मुलांना फार आवडते.

पुस्तक कॅटलॉगमध्ये दिसतं, पण कपाटात सापडत नाही? बहुतेक वेळा दोष दशांश चिन्हाचा असतो. ड्यूई वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, ३०२.२३ हा क्रमांक ३०२.३ च्या आधी येतो. मुलं तो ‘पॉइंट तेवीस’ असा वाचतात आणि तीनच्या पुढे शोधत बसतात. ‘पॉइंट दोन तीन’ असं एकेक अंक म्हणायची सवय लावा. तरीही नाही मिळालं, तर आजूबाजूचा खण बघायचा, नंतर काउंटरवर विचारायचं.

विकिपीडियाला बंदी घालू नका. मुलं वाचणारच, मग निदान लेखाच्या तळाशी दिलेले संदर्भ उघडायला शिकवा. आणि स्रोताचा तपशील, पान क्रमांकासकट, वाचतानाच लिहून घ्यायला लावा. शेवटच्या रात्री तो शोधणं फार जड जातं.

सराव चालू असताना कुणी अडलं की माउस आपल्या हातात घेऊ नका. ‘आता कोणता शब्द बदलून बघशील?’ एवढंच विचारा आणि थांबा.