नव्वद दिवसांची नोटीस, तिसाव्या दिवशी सुटका

हिंजवडीतल्या माझ्या कंपनीत नोटीस ९० दिवसांची. नव्या ठिकाणी ३० दिवसांत हजर व्हायचं होतं. मॅनेजर म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

घरी येऊन नेमणूकपत्र शोधलं (सही करताना कोण वाचतं!). त्यात होतं: कंपनीची संमती असेल तर उरलेल्या दिवसांचा मूळ पगार भरून जाता येईल. म्हणजे सगळं अडलं होतं संमतीवर. मग भांडत बसलो नाही. माझ्याकडचं प्रत्येक काम लिहून काढलं, रोज दुपारी ज्युनिअरला शेजारी बसवून शिकवलं. तिसऱ्या आठवड्यात मॅनेजरच म्हणाले, "जा बाबा." शिल्लक १८ रजा वळत्या झाल्या, उरले ४२ दिवस. ते पैसे नवी कंपनी देणार होती. तसं ईमेलवर लेखी घेतलं होतं.

खरी गंमत फायनल सेटलमेंटला. कापलेली रक्कम मूळ पगारावर नाही तर पूर्ण पगारावर, वर १८ टक्के जीएसटी! नेमणूकपत्रातलं कलम आणि केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं ३ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक, क्रमांक १७८, एचआरला पाठवलं. नोटीसच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. चार दिवसांत सुधारित हिशोब आला, सोबत रिलीव्हिंग लेटरही.

नव्या कंपनीने भरपाई पगारात दिली आणि त्यावर टीडीएस कापला. ते मात्र मी आधी विचारलंच नव्हतं.