९८७६५४३२१ हा आकडा वहीवर कसा सोडवायचा

सोडवायचा म्हणजे त्याचे मूळ अवयव काढायचे. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा, तो फक्त शेवटी ताळा करायला. मोठी संख्या दिसली की लोक उगाच घाबरतात, खरं तर सुरुवात कुठून करायची एवढंच माहीत पाहिजे.

आधी सोपं उरकून टाका. शेवटी १ आहे म्हणजे २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो, उरले १०९७३९३६९. याच्या अंकांची बेरीज ४७, म्हणजे ३ चं काम संपलं. ७, ११, १३ वेगवेगळे बघत बसू नका, १००१ = ७×११×१३ असल्यामुळे तिन्ही एकदम तपासता येतात: तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आलटून पालटून वजा-अधिक करा, ९८७ − ६५४ + ३२१ = ६५४, याला तिघांपैकी कोणानेच भाग जात नाही.

आता १७. शेवटच्या अंकाची पाचपट उरलेल्या आकड्यातून वजा करायची, म्हणजे १०९७३९३६ − ४५ = १०९७३८९१, मग परत तेच, परत तेच, असं करत शेवटी ६८ येतात आणि ६८ म्हणजे १७ चोक. भागून आले ६४५५२५७, त्यालाही १७ ने भाग जातो (एकदा भाग गेला की तीच संख्या परत लावून बघायचीच, हे बरेच जण विसरतात), उरले ३७९७२१. इथे मात्र चिकाटी लागते, वर्गमूळ ६१६ च्या आसपास आहे त्यामुळे ६१३ पर्यंतच्या मूळ संख्या लावून बघायच्या, एकीनेही भाग जात नाही, म्हणजे ही स्वतःच मूळ संख्या.

तर आकडा झाला ३² × १७² × ३७९७२१, आणि इथून पुढे सगळं भराभर निघतं. घातांकांत एकेक मिळवून गुणाकार करा, ३×३×२ = १८ विभाजक. त्यांची बेरीज १३ × ३०७ × ३७९७२२ = १५१५४७०५०२, त्यातून आकडा स्वतः वजा केला तर ५२७८१६१८१ राहतात, आकड्यापेक्षा बरेच कमी, म्हणजे ही परिपूर्ण संख्या (स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच येते ती) नाही.

मला सगळ्यात आवडतं ते हे: ४ ने भागून बाकी ३ उरते असे मूळ अवयव समघाती (म्हणजे घातांक सम असलेले) असतील तर संख्या दोन वर्गांची बेरीज असते. इथे तसा फक्त ३ आहे आणि त्याचा घात २, म्हणून जमतं. ३७९७२१ = ६११² + ८०², ६११ आणि ८० दोन्हीला ५१ ने (३×१७) गुणलं की ३११६१² + ४०८०² = ९८७६५४३२१. हातानं पडताळून बघाच, फार भारी वाटतं.

आणि देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांची रीत लावल्याशिवाय सोडू नका. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाचा आकडा वजा करायचा, चार अंकी आकड्यावर (सगळे अंक सारखे नसले की) हेच परत परत केलं की शेवटी त्यांचा प्रसिद्ध ६१७४ येतो तो असाच. इथे ९८७६५४३२१ − १२३४५६७८९ = ८६४१९७५३२, यातही १ ते ९ सगळे अंक एकेकदा आहेत, त्यामुळे परत तीच वजाबाकी आणि परत ८६४१९७५३२ च.