एकटा खलनायक अख्ख्या पार्टीला पुरून कसा उरेल

‘खलनायक कमकुवत पडतोय? हिट पॉइंट दुप्पट करा.’ डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिकांच्या खेळात नव्या डीएमला, म्हणजे गोष्ट आणि खलनायक चालवणाऱ्याला, हा सल्ला हमखास मिळतो आणि तो चुकीचा आहे. हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, वाढवून लढाई अवघड होत नाही, नुसती लांबते. पार्टीतले (खेळाडूंच्या पात्रांच्या गटातले) चौघे मिळून कोपऱ्यात अडवलेल्या एका माणसाला अर्धा तास जास्त बडवतात, एवढाच फरक पडतो. खलनायकाचं बळ त्याच्या टर्नमध्ये, म्हणजे काही करायच्या पाळीत, असतं. एका राउंडमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या पाळ्या एकदा होईपर्यंत, त्याच्या बाजूला किती वेळा हालचाल होते आणि त्यातली किती पार्टीला रोखता येते, हे आधी ठरवा. बाकीचे आकडे त्यामागून येतात.

इथली गणितं डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीची आहेत. उदाहरणाला पाचव्या लेव्हलची पार्टी घेऊ: फायटर (लढवय्या), रोग (चोरटा), विझर्ड (जादूगार), क्लेरिक (जखमा बऱ्या करणारा पुजारी). समोर गड बळकावून बसलेला मांत्रिक किल्लेदार. त्याचं नाव, हेतू, पार्टीशी असलेलं वैर हे सगळं तुमच्याकडे तयार आहे असं धरतो.

१. चॅलेंज रेटिंगवर विसंबू नका

शत्रू किती अवघड हे सांगणारा हा आकडा चौघांची पार्टी धरून काढलेला असतो. शिवाय त्या नियमांत खेळातल्या एका दिवसात मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ लढती होतील, असं गृहीत आहे. आपल्याकडे रविवारी दुपारी गंगापूर रोडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये सगळे जमतात, नाशिकरोडहून येणारा अर्धा तास उशिरा पोचतो आणि संध्याकाळपर्यंत दोन लढती झाल्या तरी पुष्कळ. म्हणजे पार्टी खलनायकासमोर सगळे स्पेल स्लॉट (मंत्र टाकायचा ठरावीक साठा) शाबूत ठेवून उभी राहते आणि पहिल्याच राउंडला सगळं ओतते. एकतर त्याआधी दोन लढती घ्या आणि मध्ये लाँग रेस्ट (साठा परत भरणारी रात्रभराची विश्रांती) मिळू देऊ नका, नाहीतर पार्टी ताजीतवानी आहे असंच धरून पुढचा हिशेब करा. मी दुसरा मार्ग घेतो.

२. पार्टीचा हिशेब मांडा

खेळाडूंच्या कॅरेक्टर शीट मागून घ्या. पाचव्या लेव्हलला हल्ल्याचा बोनस बहुधा +७ असतो. खलनायकाचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १५ असेल तर वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त पडलं की वार लागतो, म्हणजे ६५ टक्के. आर्मर क्लास १९ केलात तर तेच ४५ टक्क्यांवर येतं. अर्ध्याहून जास्त वार हुकले की टेबल कंटाळतं आणि मोबाइल बाहेर निघतात. १५ किंवा १६ वर थांबा.

आता राउंडमागचं नुकसान. हुकलेले वार वजा जाता फायटरचे १४, रोगचे १२, फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) टाकणाऱ्या विझर्डचे २१ आणि क्लेरिकचे १०, म्हणजे ५७. पण कुणाला धावावं लागतं, कुणी जखमीला उठवत बसतं, म्हणून मी ३५ ते ४० धरतो. लढाई चार राउंड चालायला हवी असेल तर खलनायकाला १५० हिट पॉइंट पुरतात.

उलट बाजूही बघा. फायटर ४४, रोग ३८, क्लेरिक ३८, विझर्ड ३२, मिळून १५२. खलनायकाची बाजू राउंडला साधारण ३५ नुकसान करत असेल तर चौथ्या राउंडला दोन्हीकडे श्वास लागलेला असतो. मात्र हे ३५ एकाच फटक्यात एकाच माणसावर पडू देऊ नका. भरल्या हिट पॉइंटवरून कुणीही एका टर्नमध्ये शून्यावर जाता कामा नये. नियम असा की शून्याच्या खाली उरलेलं नुकसान कमाल हिट पॉइंटएवढं किंवा जास्त झालं, तर माणूस डेथ सेव्ह (जगण्या-मरण्याचा फासा) न करता जागीच मरतो. पार्टीतल्या विझर्डचे १० उरलेत आणि खलनायकाच्या फायरबॉलने ४२ केले, तर तो खेळाडू पात्र गमावतो. फायरबॉलचं सरासरी नुकसान २८ आणि कमाल ४८ असतं, तेव्हा ही भीती खोटी नाही.

३. टर्न मोजा

इथे मी सगळ्यात जास्त अडकलो होतो, त्यामुळे सावकाश वाचा.

चौघांच्या राउंडला चार टर्न आणि खलनायकाचा एक. त्यातच विझर्डने दुसऱ्या लेव्हलचा होल्ड पर्सन, म्हणजे माणसाला जागेवर खिळवणारा मंत्र, टाकला. त्याचा सेव्ह, म्हणजे मंत्र चुकवायचा फासा, १५ वर. किल्लेदाराचा विस्डम सेव्ह +४ असेल तर नेमकी निम्मी शक्यता की तो जागेवर खिळतो. मग पाच फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे दुप्पट फाशांचा. तुमचे १५० हिट पॉइंट दोन राउंडही टिकत नाहीत. ते ३०० असते तरी निकाल तोच लागला असता, कारण तो काहीही न करता मार खात राहिला असता.

माझा नियम: खलनायकाच्या बाजूला, खेळाडू जितके त्याहून एक कमी टर्न. चौघांसमोर तीन.

पुस्तकात यासाठी लेजंडरी ॲक्शन आहेत, म्हणजे दुसऱ्यांच्या टर्नच्या शेवटी वापरायच्या राउंडला तीन छोट्या कृती. ड्रॅगनला त्या शोभतात. घरी बांधलेल्या खलनायकासाठी मी त्या टाळतो, कारण बोलण्याच्या ओघात डीएम त्या वापरायच्या विसरतो आणि खलनायक पुन्हा एकटा पडतो. त्याऐवजी त्याला इनिशिएटिव्हमध्ये (पाळ्यांच्या क्रमात) दोन पूर्ण टर्न द्या. पहिला १८ वर असेल तर दुसरा ८ वर. ‘पुढच्या टर्नपर्यंत’ टिकणारे परिणाम यांपैकी कोणत्या टर्नला संपतील, ते आधीच लिहून ठेवा, नाहीतर ऐन लढाईत वाद होतो.

तिसरा टर्न एका सरदाराला द्या. ४५ हिट पॉइंट, साधी तलवार, आणि एकच काम: फायटरला मालकापासून दूर ठेवणं. सरदार असला की पार्टीपुढे खरा प्रश्न उभा राहतो की आधी कोणाला पाडायचं.

त्याखेरीज पाच-सहा प्यादी ठेवा, एका वारात मरणारी. ती सगळी मिळून एकच टर्न घेतात, दारं लावतात, दगड ढकलतात, क्वचित पाचेक नुकसान करतात. तो टर्न वरच्या तिनांत मी धरत नाही. त्यांच्यावर फायरबॉल वाया जातो अशी तक्रार मी ऐकलीय. तो तिथे जावा म्हणूनच ती उभी केलेली असतात! विझर्डला सहा जण एकदम उडवल्याचं समाधान मिळतं आणि तुमचा खलनायक एक राउंड जास्त जगतो.

आता लेजंडरी रेझिस्टन्स, म्हणजे हुकलेला सेव्ह लागला असं ठरवण्याची मुभा. पुस्तकातल्या ड्रॅगनला ती दिवसाला तीनदा मिळते. पाचव्या लेव्हलच्या पार्टीसमोर दोन पुरेत. आणि ती फुकट देऊ नका. किल्लेदाराच्या मनगटावर दोन गंडे आहेत. प्रत्येक वेळी एक तटकन तुटतो आणि त्याचा आर्मर क्लास एकने उतरतो. विझर्डचा स्पेल गेला, पण काहीतरी घेऊन गेला. ‘नाही, तो वाचला’ एवढंच सांगितलंत तर खेळाडू पुढच्या वेळी स्पेल टाकायचाच थांबतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

टर्न मोजण्याचा आणखी एक फायदा नाशिकमध्ये लगेच कळतो. निफाडकडचा, घरची द्राक्षबाग असलेला खेळाडू ऑक्टोबर छाटणीला किंवा फेब्रुवारीत माल निघताना येत नाही. ऐनवेळी तिघेच उरले तर सरदार काढून टाका आणि हिट पॉइंट ११५ वर आणा. हिशेब पुन्हा बसतो. एकाच माणसात सगळं बळ कोंबलं असतं तर हे पाच मिनिटांत जमलं नसतं.

४. जागेला कामाला लावा

नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याने १६८२ पासून मोगल फौजेला वर्षानुवर्षं झुलवलं, ते काही किल्ल्यातली शिबंदी मोठी होती म्हणून नाही. तुमच्या किल्लेदारालाही सपाट चौकोनी दालनात उभं करू नका. मला नकाशासाठी हरिहर किल्ला आवडतो. कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्यांवर एका वेळी एकच जण नीट चढतो आणि वरून दगड आला तर हटायला जागा नसते. तीस फुटांची चाल आणि वर चढण, म्हणजे फायटरचा एक राउंड नुसता पोचण्यात जातो. पण दुसरी वाट ठेवाच. रोगला चोरदरवाजा सापडायला हवा. नाहीतर जवळून लढणारे दोन खेळाडू पायऱ्यांवर ताटकळत बसतात आणि ते तुमच्याकडे रविवार घालवायला आलेले असतात.

५. घरी दोन राउंड खेळून बघा

वीस मिनिटं लागतात. वही आणि फासे घ्या आणि दोन्ही बाजू स्वतःच खेळा.

६. टेबलावर

फासे सगळ्यांसमोर टाका. पडद्याआड आकडे बदलून खलनायकाला वाचवणं मला मान्य नाही. खेळाडूंना ते कळतं, आणि कळलं की त्यांच्या कुठल्याच विजयाला अर्थ उरत नाही.

हिशेब चुकतोय असं दिसलं तर आकड्यांना हात न लावता खलनायकाचा निर्णय बदला. पार्टी कोसळायला लागली तर किल्लेदार त्यांना शरण यायची अट घालतो, कारण त्याला मुडद्यांपेक्षा ओलीस जास्त उपयोगी. तो स्वतः ४० हिट पॉइंटच्या खाली आला की पळायला बघतो. ती वाट पार्टीला दिसेल आणि अडवता येईल अशी असू द्या. अडवली तर अडवली. तिसऱ्या राउंडला मेला तर मरू द्या, सरदाराला तलवार खाली ठेवायला लावा आणि गडाच्या किल्ल्या कुणाच्या हातात द्यायच्या ते खेळाडूंना विचारा.