डिमेन्शिया असलेल्या आजी-आजोबांसाठी घरात खेळायचा कोपरा कसा करायचा
माझे सासरे (आम्ही त्यांना बाबा म्हणतो) ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांच्या भागात फिटर होते, आता अल्झायमर आहे, म्हणजे स्मृती जाण्याच्या डिमेन्शिया या आजाराचाच एक प्रकार. सुरवातीला आम्ही त्यांना रंगीत ठोकळे आणून दिले, तर त्यांनी पेटी बाजूला सरकवली आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोललेच नाहीत. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते, लहान मुलांची खेळणी आणू नका. नव्या आठवणी आधी जातात पण हाताला लागलेली सवय बरीच टिकते, त्यामुळे खेळ त्यांच्या जुन्या कामातूनच काढायचा.

आम्ही प्लायची एक फळी घेतली, कडा पॉलिश पेपरने घासल्या आणि त्यावर कडी-कोयंडा, जुना नळ, चार जाडे बोल्ट बसवले. नट मोठेच घ्या, तोंडात जाणार नाहीत असे. बाबा नट फिरवतात, मधेच थांबून आट्यांवरून बोट फिरवतात, "क्रॉस बसलाय" (म्हणजे नट तिरका चढलाय) म्हणतात आणि परत काढून नीट लावतात, तासभर सुद्धा चालतं. आजी असतील तर वाल सोलणं, वाती वळणं, साड्यांच्या घड्या, जे त्या आयुष्यभर करत आल्या ते द्या. आणि चुकलं तरी टोकू नका, "ओळखा बघू मी कोण" वगैरे परीक्षा तर अजिबात नको.

आता जागा. काळं पायपुसणं त्यांना खड्डा वाटू शकतं, चकचकीत फरशी ओली वाटते, मग पाय पुढे टाकत नाहीत. पायपुसणं काढा, खुर्ची फरशीपेक्षा वेगळ्या रंगाची आणि हातांची घ्या. आरसा बघून घाबरत असतील तर झाका. टीव्ही बंद. संध्याकाळी बऱ्याच जणांची चुळबुळ वाढते, तेव्हा अंधार पडायच्या आधीच दिवे लावा.

हा कोपरा सोसायटीच्या बागेत करणार असाल तर वाट गोल फिरून परत तिथेच येणारी हवी, कारण वाट मधेच संपली की ही माणसं गोंधळतात. कण्हेर विषारी असते, ती काढायलाच लावा, आमच्या ठाण्यात तर जिथेतिथे लावलेली असते. त्याऐवजी कमरेच्या उंचीवर तुळस, गवती चहा, मोगरा, पान चुरडून किंवा फूल हुंगून वास घेता येईल असं.

फळीची जागा मात्र बदलू नका हं. आमच्याकडे एकदा केर काढताना ती सोफ्यामागे गेली आणि बाबा दोन तास घरभर काहीतरी शोधत होते, काय ते त्यांना सांगता येईना.